पोलिसातला अर्ज: पळण्याआधी फॉर्म

पोलिसात जायचं ठरलं की सगळी तयारी पायांची होते. बूट, व्यायाम, पहाटेचं ग्राउंड. फॉर्म मात्र शेवटच्या रात्री, सर्व्हर रडत असताना, घाईघाईत भरला जातो. आणि चारित्र्य पडताळणीत अडकतो तो हाच फॉर्म.

पडताळणी करणारा अधिकारी तुमचा फॉर्म आणि तुमची कागदपत्रं शेजारी ठेवून फरक शोधतो. एका दाखल्यावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनावाचं वेगळंच स्पेलिंग. यात लबाडी नसते, पण खुलासा मागितला जातो आणि फाइल खाली सरकते. नाव आधी दुरुस्त करून घ्या, अर्ज नंतर.

तारखांसाठी फॉर्म उघडण्याआधी कोऱ्या कागदावर मागच्या 10 वर्षांचा महिनावार तक्ता करा: कुठे राहत होता, काय शिकत होता, कुठे कामाला होता. मार्चमध्ये नोकरी सुटली आणि पुढची ऑगस्टमध्ये लागली, तर मधले महिने रिकामे सोडायचे नाहीत. ‘बेरोजगार, घरी’ हे चालतं. नोकरीच्या तारखा ताणून भोक बुजवलेलं चालत नाही, कारण जुन्या मालकाला फोन जातो. संदर्भ म्हणून ज्यांची नावं देता त्यांनाही आधी सांगून ठेवा, नाहीतर ते अनोळखी नंबर उचलतच नाहीत.

आता सगळ्यात नाजूक रकाना. अटक झाली होती का, गुन्हा दाखल झाला होता का, शिक्षा झाली होती का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. निर्दोष सुटलेल्या माणसाचं तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, पहिल्या दोघांचं ‘होय’ असू शकतं. ‘केस मिटली’ म्हणून सगळीकडे ‘नाही’ लिहिणारे इथेच जातात. बारीकसारीक गुन्हा सांगितला तर त्यावर विचार तरी होऊ शकतो. लपवलेला सापडला तर तो खोटेपणा ठरतो. पोलिसाला कोर्टात साक्ष द्यायची असते. ज्याचं स्वतःच्या फॉर्मवर खोटं सापडलं, त्याच्या साक्षीला विरोधी वकील काय किंमत देणार?

ग्राउंडबद्दल थोडक्यात. तुमच्या भरतीत बीप टेस्ट असेल तर सरळ पळून तयारी होत नाही. 20 मीटर अंतरावर दोन रेषा, बीप वाजेपर्यंत समोरच्या रेषेवर पोचायचं आणि वळायचं. प्रचलित पद्धतीत सुरुवात ताशी 8.5 किलोमीटरने, मग साधारण दर मिनिटाला म्हणजे दर पातळीला वेग ताशी अर्ध्या किलोमीटरने वाढतो. पहिल्या पातळीत एका फेरीला जवळपास साडेआठ सेकंद मिळतात. नवखे सहा सेकंदांत पोचतात आणि रेषेवर उभे राहतात. ही शुद्ध उधळपट्टी. बीपबरोबर पोचा. वळताना गोल फिरू नका: एक पाय रेषेवर, गुडघा वाकलेला, अंग खाली, तिथूनच परत. पाय आलटूनपालटून टाका, नाहीतर एकाच मांडीचा जीव जातो.

मेडिकलला उंची काठावर असेल तर सकाळची वेळ मिळते का बघा. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून माणूस सुमारे एक सेंटिमीटर बुटका होतो. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, मांडीवर मांडी नको. रंगांधळेपणाची तपासणी अर्जाआधीच नेत्रतज्ज्ञाकडे करून घ्या. सरावाने तो जात नाही, आणि दोन वर्षं घाम गाळल्यावर कळण्यात काही अर्थ नाही.

बोटांचे ठसे कोणी मनावर घेत नाही. सिमेंट, विटा, रसायनं हाताळणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, ठसा नाकारला जातो आणि पुन्हा खेप पडते. आधीचे काही दिवस हातमोजे, रात्री बोटांना क्रीम. ठशांच्या दिवशी मात्र क्रीम लावायचं नाही, हात धुऊन कोरडे करायचे; ओशट बोटाचा ठसा फरफटतो.