लेहरा सैल पडला तो दिवस

रुळांवर झाड पडून आमची थिओर्बोवाली गाडीत अडकलीय, हे दुपारी तीनला कळलं. कार्यक्रम साडेसातचा. नोव्हेंबरचा गारठा, नेदरलँड्समधल्या युट्रेक्टजवळच्या एका खेड्यातलं चर्च, आणि मी हार्पसिकॉर्डच्या, म्हणजे पट्ट्या दाबून तारा छेडायच्या जुन्या वाद्याच्या, पोटात डोकं खुपसून तारा लावत बसलेलो.

थिओर्बो म्हणजे लांबलचक मानेची, खर्जाच्या तारांची ल्यूट, छेडून वाजवायचं तंतुवाद्य. इटालियन संगीतकार मोंतेवेर्दीच्या ‘लामेंतो देल्ला निन्फा’ची अर्धी भिस्त तिच्यावर. 1638 साली व्हेनिसला छापलेल्या त्याच्या माद्रिगालांच्या, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या गीतांच्या, आठव्या पुस्तकातली ही रचना. प्रियकरानं टाकलेली एक वनदेवता विलाप करते, दोन टेनर आणि एक बास, म्हणजे दोन उंच आणि एक खर्जाचा पुरुषी आवाज, तिच्यासाठी हळहळतात, आणि खाली चारच सूर उतरत राहतात: ला, सोल, फा, मी. 34 वेळा.

आपल्या भाषेत लेहराच, तबल्याखाली फिरत राहणारी तीच ती ओळ. मी मिरजेचा. नवव्या वर्षापासून मामाच्या तबल्याला पेटीवर लेहरा धरलेला. तबलजी कुठंही जाऊन येवो, लेहरेवाल्यानं जागचं हलायचं नाही. हललास तर मामा काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. हेगला शिकायला आल्यावर ही रचना पहिल्यांदा समोर आली तेव्हा वाटलं, हे तर आपल्याला येतंच.

या संगतीला बासो कन्टिन्युओ म्हणतात. कागदावर खालची एक ओळ असते, कुठंमुठं आकडे. उजव्या हातानं काय वाजवायचं ते ज्याचं त्यानं, तिथल्या तिथं ठरवायचं. त्यात हार्पसिकॉर्डला पेटीचा भाता नाही. पट्टी जोरात दाबा की अलगद, तार छेडली जाते जवळपास तेवढ्याच आवाजात, आणि सूर लगेच विझायला लागतो. म्हणजे भाव आणायचा तर हातात उरतं काय? सूर किती घ्यायचे, एकदम की सुटे सुटे, आणि नेमके केव्हा.

थिओर्बो नाही म्हटल्यावर मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस करतो तेच केलं. भरत सुटलो. प्रत्येक सुरावर सहा-सात सुरांचा पसारा, मधे सोप्रानोच्या, म्हणजे विलाप गाणारीच्या, जागांची नक्कल, आणि लय मामाच्या धाकातली. नवव्या-दहाव्या आवर्तनाला सोप्रानो थांबली.

“तू माझ्याआधी रडतोयस.”

साठीतला आमचा बास गायक हसला. म्हणाला, “मोंतेवेर्दीची सूचना पुन्हा वाच.”

ती तर मला पाठ होती! पुढची-मागची पुरुषांची गाणी हाताच्या ठेक्यात गायची, पण विलाप गायचा तो मनातल्या भावाच्या लयीत. एरवी प्रत्येक गायकाला आपापल्या ओळीचंच पुस्तक मिळायचं; पण इथं मधल्या भागात हळहळणाऱ्या तिघांच्या ओळी मुद्दाम तिच्या ओळीसोबत एकत्र छापल्या, ती जाईल तसं त्यांना जाता यावं म्हणून. इतकी वर्षं मी ही सूचना गायकांसाठी आहे असंच धरून चाललो होतो. खालचे चार सूर तसूभरही हलू नयेत असं मानणारे वादक आहेत, मीही त्यातलाच. त्या संध्याकाळी मात्र मी हट्ट सोडला.

उजवा हात जवळजवळ मांडीवरच ठेवायचं ठरवलं. एक गोष्ट तेवढी राखून ठेवली. या रचनेला मी मीनटोन ही जुनी सूरजुळणी लावतो. त्यात चौथ्या सुरावरचा, ‘मी’वरचा गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारासारखा बसतो, आजच्या पियानोवरचा त्याच्यापुढं चढाच वाटतो. तो गंधार दर आवर्तनाला उधळायचा नाही, एवढं मनाशी पक्कं केलं.

रात्री चर्च भरलं. विसाव्याच्या आसपास (मोजणं केव्हाच सुटलं होतं) तिनं एक सूर धरला आणि सोडेचना. खालचा सूर पुढं सरकला, दोन्ही एकमेकांवर घासले, तरी ती उतरेना. चेलोवालीचा गज रेंगाळत रेंगाळत टोकाला आला. माझा हात पट्ट्यांच्या वर, अधांतरी. टेनर ‘मिझेरेल्ला’, म्हणजे ‘बिचारी’, ओठांवर घेऊन थांबलेले. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांचं कार्यक्रमपत्रिकेची घडी घालणं अर्ध्यात राहिलं. मग ती उतरली. मी फक्त तो गंधार ठेवला, एकटा. आणि पुन्हा ला.

थिओर्बोवाली आली तेव्हा आम्ही कॉफी पीत होतो.

चेलोवालीनं फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं. ते मी त्याच रात्री मामाला पाठवलं. मिरजेत उजाडल्यावर त्याचा फोन आला.

“बाई झकास गातीय रे. पण तो लेहरेवाला कोण? सैल सोडतोय.”

“आहे एक इथला,” मी म्हणालो.