एका दिवसाचं फूल

आज सकाळी चहा तसाच गार झाला, कारण खिडकीतल्या कृष्णकमळाची कळी उमलत होती! निळ्या तंतूंचं कडं, मधे पाच परागकोश, वर तीन कुक्षी. लहानपणी कौरव-पांडव मोजायचो, तसे आजही मोजले. कौरव काही शंभर भरले नाहीत.

हा वेल घरात आणून दोन वर्षं झाली. पहिल्या वर्षी नुसती पानंच पानं. चूक माझीच, लाडाने मोठी कुंडी आणि भरपूर नत्राचं खत. यंदा कुंडी लहान ठेवली, पोटॅशचं खत दिलं आणि वसंताच्या तोंडावर निर्दयपणे छाटला. फुलं नव्या फुटव्यावरच येतात, हे कळूनही कात्री चालवताना हात थरथरला होता. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने लाल कोळी ही बारीक कीड लागली, तेव्हा रोज पानांच्या पाठी पुसत बसले.

बाहेर भिंतीलगत लावलेला भाऊ जरा काटक. निळं कृष्णकमळ साधारण उणे १० अंशांपर्यंत तग धरतं म्हणतात. वरचा वेल थंडीने काळा पडला, पण मुळांवर पालापाचोळ्याचा जाड थर होता. मे संपत आला तरी हालचाल नाही, मी तर उपटायलाच निघाले होते. मग जमिनीतून एक कोंब!

संध्याकाळी घरातलं फूल मिटलं. एकच दिवस. उद्यासाठी अजून दोन कळ्या आहेत, चहा आधीच पिऊन घेईन.