धर्माच्या रकान्यात दोन रेघा

जाहिरात मी तीनदा वाचली. इथे जर्मनीत एका वृद्धाश्रमाच्या कार्यालयात हिशेबनीस हवी, आठवड्याला तीस तास, डाटेव्ह सॉफ्टवेअर येत असेल तर उत्तम. भारतात नऊ वर्षं केलं तेच काम, जीएसटी वजा. खूश होऊन शेवटपर्यंत गेले, तर सुट्ट्या आणि पेन्शन यांच्या मध्ये एक ओळ होती : मान्यताप्राप्त ख्रिस्ती चर्चचं सदस्यत्व आम्ही गृहीत धरतो.

गृहीत धरतो. इथे अट अशीच सभ्य क्रियापद लावून येते. 'तुम्ही चालणार नाही' असं कोणी म्हणत नाही, तुम्ही नसालच असं फक्त धरून चालतात.

नवरा म्हणाला, तू अर्ज कर, हिशेब ठेवायला देव कशाला लागतो? मी केला. अकरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं, पुढील वाटचालीस शुभेच्छांसह. कारण दिलं नव्हतं. माझं जर्मन बी-टू, म्हणजे मधल्या पातळीचं आहे, आणि त्यातही मी 'डेर' आणि 'डास' ही लिंगं नशिबावर सोडते, तेव्हा कारण तेही असू शकेल. पण मनाने निकाल लावून टाकला होता की कारण शेवटची ओळच. एकदा तसं ठरवलं की माणूस रात्री दीड वाजता कायद्याची कलमं वाचतो.

तर कलमं अशी. २००६ चा समान वागणुकीचा कायदा नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला बंदी घालतो आणि नवव्या कलमात चर्चला त्यातून वाट काढून देतो. त्या वाटेचं मूळ आणखी मागे आहे. १९१९ च्या वायमार संविधानात धर्मसंस्थांना आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क होता, तो १९४९ च्या संविधानात जसाच्या तसा उचलला. आता चर्चचा कारभार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाद्री, घंटा आणि मेणबत्त्या येतात. इथे त्यात हॉस्पिटलं, बालवाड्या, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्रं आणि रुग्णवाहिकासुद्धा येतात. कॅथॉलिक बाजूच्या कारितास या सेवासंस्थेकडे सुमारे सात लाख कर्मचारी आहेत, प्रोटेस्टंट बाजूच्या डियाकोनीकडे सहा लाखांहून जास्त. सरकार सोडलं तर इतकी माणसं नोकरीला ठेवणारं इथे फारसं कोणी नाही. नर्स, बालवाडी शिक्षिका किंवा समाजसेवेतलं कोणी असाल आणि गाव लहान असेल, तर चर्चला वळसा घालून नोकरी मिळवणं अवघड आहे. आणि २०२२ पासून या दोन मोठ्या चर्चचे सभासद देशात निम्म्याहूनही कमी आहेत. मग गृहीत नेमकं कोणाला धरतात?

वाचता वाचता एगेनबर्गर खटला सापडला. २०१२ मध्ये बर्लिनच्या डियाकोनी संस्थेने एक तात्पुरती जागा काढली. वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या पालनाबद्दल जर्मनीचा एक अहवाल लिहायचा होता. अट चर्चच्या सदस्यत्वाची. एगेनबर्गर नावाच्या बाईंनी अर्ज केला, पहिल्या चाळणीतून त्या पार झाल्या, पण मुलाखतीला बोलावणं आलं नाही. त्या कोणत्याच चर्चच्या नव्हत्या. भेदभावाविरुद्ध अहवाल लिहायचा आणि त्याला ही अट! कोणी विनोद म्हणून लिहिलं असतं तर ओढूनताणून वाटलं असतं. एप्रिल २०१८ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितलं की त्या विशिष्ट कामाला धर्म खरोखर आवश्यक असेल तरच अशी अट चालेल, आणि ते तपासण्याचा अधिकार न्यायालयांना आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने त्यांना सुमारे ३,९१५ युरो भरपाई दिली. संपलं असं वाटतं ना? संस्था कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात तो आदेश रद्द होऊन प्रकरण पुन्हा खाली आलं. चर्चच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काला पुरेसं वजन दिलं नव्हतं म्हणे. तेरा वर्षं! आपल्याकडच्या तारीख-पे-तारीखला हसणाऱ्या माझ्या जर्मन शेजाऱ्याला मी हे मुद्दाम सांगितलं.

मला भरपाईची लेखी मागणी करायला दोन महिने होते. मी केली नाही. कारण द्यायचंच तर व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर आहे, भाषा कच्ची आहे, वकील महाग आहे. खरं सांगायचं तर मला भांडायचं नव्हतं, नोकरी हवी होती. ज्यांना हे पळपुटेपण वाटेल त्यांनी एकदा परक्या भाषेत तक्रार लिहून पाहावी.

दुसरी जागाही वृद्धाश्रमातलीच, या वेळी कॅथॉलिक. जाहिरातीत फक्त 'आमच्या ध्येय-मूल्यांशी तुम्ही एकरूप आहात' अशी अपेक्षा होती. पण ऑनलाइन अर्जात जन्मतारखेखाली रकाना होता : कोनफेसिओन. इंग्रजी कानाला तो पापाची कबुलीच मागतो आहे असं वाटतं. अर्थ साधा आहे, तुमचा पंथ कोणता. तरी मी त्या रकान्यापुढे पाऊण तास बसले.

याच रकान्याशी माझी एकदा गाठ पडली होती, आल्या आल्या, पत्ता नोंदवायच्या फॉर्मवर. तेव्हा भारतीयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांनी एका सुरात सांगितलं होतं : काही नाही असं लिहा, नाहीतर चर्चचा कर कापतील. लिहिलं, क्षणाचाही विचार न करता. पुढे कळलं की आम्ही हिंदू लिहिलं असतं तरी छदाम कापला गेला नसता. तो कर ज्या धर्मसंस्थांना कर लावण्याचा अधिकार आहे त्यांच्या सभासदांकडूनच घेतात. न लागणाऱ्या कराच्या भीतीने मी एका मिनिटात निधर्मी झाले होते, आणि आता नोकरीसाठी पुन्हा काहीतरी होण्याचा विचार करत बसले होते.

मी काही देवभोळी नाही. घरी देव्हारा आहे कारण आईने तो विमानात हातातल्या सामानात पाठवला. पण कोणी विचारलं की अंगातलं काहीतरी ताठ होतं. मी 'हिंदू' लिहिलं. मग वाटलं, उगाच छाती पुढे काढल्यासारखं दिसतंय, म्हणून खोडलं. मग वाटलं, लाजल्यासारखं झालं. शेवटी लिहिलंच.

मुलाखत घेणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या होत्या. मागे भिंतीवर क्रूस, खाली फोटोकॉपी मशीन. त्यांनी आधी घसाऱ्याचं विचारलं, मग थकबाकीचं, आणि मग हात जुळवून : तुम्ही आमच्या मूल्यांसोबत चालू शकाल का?

मी विचारलं, म्हणजे नेमकं काय?

त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, आमच्याकडे कोणी वारलं की त्या खोलीच्या दाराशी दिवा ठेवतो आणि त्या दिवशी त्यांचं बिल काढत नाही. दुसऱ्या दिवशी काढतो.

हिशेबनिसाला याहून नेमकं उत्तर कोणी देऊ शकेल असं मला वाटत नाही. घरून जी दोन वाक्यं घोटून आणली होती, धर्मस्वातंत्र्याबद्दलची, ती तशीच परत नेली. नोकरी मिळाली.

आता आत राहून बघते तर चीड वेगळ्याच गोष्टीची येते. पैसे कुठून येतात ते माझ्यासमोरच असतं. नर्सिंग विम्याकडून, आजी-आजोबांच्या स्वतःच्या पेन्शनमधून, आणि ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी समाजकल्याण खात्याकडून. चर्चकडून आलेली रक्कम मी कुतूहलाने शोधली, तर आमच्या बागेच्या बाकांसाठी एक देणगी सापडली. पैसा सगळ्यांचा आणि अट एकांची, हे गणित मला अजून जुळवता आलेलं नाही, आणि गणितं जुळवण्याचाच मला पगार मिळतो.

पण खरा धक्का माझ्याबाबतीतला नव्हताच. इथे माझी एक मैत्रीण आहे, वसईची, मराठी, पिढ्यान्‌पिढ्यांची कॅथॉलिक. कॅथॉलिक हॉस्पिटलात नर्स. तिने पत्ता नोंदवताना खरं ते लिहिलं आणि पहिल्या पगारापासून चर्चचा कर सुरू झाला. आमच्या राज्यात तो आयकराच्या ९ टक्के आहे, बव्हेरियात ८. दोन वर्षांनी ती वैतागली. म्हणाली, अगं, मी रविवारी जाते, दानपेटीतही टाकते, वर हे कशाला? चर्च सोडायचं तर इथे कोर्टात जाऊन अर्ज द्यायचा, ३० युरो फी. नळजोडणी बंद करतात तसं. तिने चौकशी केली आणि गप्प बसली. कारण कॅथॉलिक संस्थेच्या नियमांत चर्च सोडणं हे साधारणपणे नोकरी जाण्याचं कारण आहे. २०२२ च्या नव्या नियमांतही ते राहिलं.

त्या नव्या नियमांचं कौतुकही करायला हवं. त्याआधी घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं म्हणून ड्युसेलडॉर्फच्या एका कॅथॉलिक हॉस्पिटलातल्या मुख्य डॉक्टरांना काढलं होतं, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागायला २०१९ उजाडलं. तेच दुसरं लग्न प्रोटेस्टंट डॉक्टरने केलं तर चालत होतं. जानेवारी २०२२ मध्ये चर्चच्या सेवेतल्या १२५ जणांनी एकत्र पुढे येऊन आपण समलिंगी किंवा क्विअर असल्याचं जाहीर केलं, नोकरी पणाला लावून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बिशपांनी नियम बदलले. कर्मचाऱ्याच्या शयनगृहात आता मालक डोकावत नाही. धर्म कोणताही असला तरी चालतो, फक्त धर्मोपदेशाच्या आणि संस्थेचं कॅथॉलिकपण घडवणाऱ्या जागा सोडून.

म्हणजे मी चालते. मूर्तिपूजक, तेहतीस कोटीवाली मी चालते. आणि माझी मैत्रीण, जी बायबल मराठीत तोंडपाठ म्हणते, तिने उद्या ३० युरो भरले तर ती चालणार नाही. असंच एक प्रकरण सर्वोच्च कामगार न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लक्झेंबर्गला पाठवलं. गर्भवतींना सल्ला देणाऱ्या कॅथॉलिक संस्थेतली एक बाई, जास्तीच्या चर्च-कराला कंटाळून तिने चर्च सोडलं, तर नोकरी गेली. त्याच कार्यालयात प्रोटेस्टंट सहकारी होत्या, त्यांना कोणी हात लावला नाही.

हे सगळं आईला फोनवर सांगत होते तर बाबा मागून म्हणाले, आपल्याकडे बरं, संविधानातच बंदी. मी लगेच सोळावं कलम काढलं. दुसरं उपकलम धर्मावरून सरकारी नोकरीत भेदभाव नको म्हणतं, आणि पाचवं उपकलम धार्मिक संस्थेच्या कारभाराशी संबंधित पदासाठी त्याच धर्माच्या माणसाची अट चालेल म्हणतं. खाजगी नोकरीचं तिथे काहीच नाही. जून २०२५ मध्ये शनिशिंगणापूरच्या देवस्थानाने १६७ कर्मचारी काढले, त्यांतले ११४ मुस्लिम. देवस्थान म्हणालं, कारण बेशिस्त आणि गैरहजेरी. बाबा म्हणाले, ते वेगळं. वेगळं आहेच, मी कुठे सारखं म्हणते? पण मला इथे निदान रकाना दाखवून विचारलं. तिकडे आमच्या जुन्या ऑफिसात आडनाव वाचूनच अर्जांचे गठ्ठे वेगळे होत, आणि तेव्हा मी शेजारच्याच टेबलावर बसून टॅली भरत होते. एकदाही तोंड उघडलं नाही. तेव्हा मला कायद्याची कलमं रात्री दीडला आठवली नव्हती.

बाबांना हे बोलले नाही. आईने विषय बदलला : मग तुझ्या पगारातून किती कापतात?

मागच्या आठवड्यात मैत्रीण घरी आली होती. तिची आणि माझी, दोघींची पगारपत्रकं टेबलावर शेजारी ठेवून आम्ही टॅक्सची फाइल भरत होतो. तिच्या धर्माच्या रकान्यात दोन अक्षरं, रोमन कॅथॉलिकची, आणि खाली कापलेली रक्कम. माझ्या रकान्यात दोन आडव्या रेघा. अर्जात मी हिंदू लिहिलं होतं, पण पगाराच्या यंत्राला कराचाच धर्म कळतो.

तिने बोटाने त्या रेघा दाखवल्या. म्हणाली, तुझा देव स्वस्तात पडला गं.

आणि माझी पावत्यांची पिशवी पुढे ओढून घेतली.