कुजतं वीतभर, काढतात अख्खा खांब

पुण्यातल्या विश्रामबाग वाड्याचं कोरीव काम बघायला लोक माना वर करून उभे राहतात. कुठल्याही जुन्या वाड्यात तेवढ्याच आस्थेनं खाली वाकून खांबांची बुडं बघायला हवीत, कारण सागवानी खांब बहुतेकदा तिथूनच जातो.

मुळात खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, जमिनीची ओल त्याला लागू नये म्हणून. पुढे कधीतरी सिमेंटचा कोबा होतो, वर फरशी बसते, जमीन चार-सहा इंच वर येते आणि तळखडा गाडला जातो. शेणामातीच्या जमिनीतून ओल सगळीकडून उडून जायची. आता तिला वाट उरते ती खांबालगतच्या फटीची. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते, मागोमाग वाळवी येते. वर ऑइलपेंट असेल तर बाहेरून खांब ठणठणीत दिसतो. दाभण टोचून पाहा: चांगल्या सागात टोक जेमतेम रुततं, कुजक्यात बोटभर आत जातं.

पूर्वी याला एकच उत्तर असे, खांब काढा आणि लोखंडी गर्डर घाला. इकोमॉस या वास्तुवारसा जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९९ मध्ये लाकडी वास्तूंसाठी तत्त्वं ठरवली आणि २०१७ मध्ये दिल्लीच्या अधिवेशनात ती नव्यानं मांडली. मूळ लाकूड शक्य तेवढं राखायचं आणि सुताराची विद्याही वारसा मानायची, हा त्यांचा गाभा. मला हे मनापासून पटतं.

प्रत्यक्षात आधी तुळईखाली दोन्ही अंगांना ठेपे देऊन जॅकनं भार घ्यायचा, तोही खांब मोकळा होण्यापुरताच. जास्त उचललं तर वरच्या भिंतीला तडे जातात, कूस-साल, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले सांधे, निखळतात. मग चांगलं लाकूड लागेपर्यंत कुजका भाग कापायचा आणि त्या जागी नव्या लाकडाचा जोड सांधायचा. आठ इंची खांबाला सोळा ते चोवीस इंचांचा सांधा आणि लाकडी खुंट्या. जोड सागाचाच, रेषा उभ्या, मुरलेला. ओला साग घातला की तो आकसतो, सांधा उघडतो आणि सगळा भार एका कडेवर येतो. जोड जुना भासवायला रंगवू नये. उलट आडबाजूला दुरुस्तीचं वर्ष कोरावं.

खांबाभोवतीचा कोबा मात्र फोडायलाच हवा, तळखड्याचा माथा पुन्हा उघडा पडेपर्यंत. तो तसाच ठेवला तर नवं बूडही कुजणार.