कुकर लावला की ट्यूब लखलखायची

बेळगावकडच्या खानापुरातल्या एका छोट्या रुग्णालयाच्या लॅबकडून आमच्याकडे आलेली मागणी एका ओळीची होती: दहा केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, लवकरात लवकर. बायोकेमिस्ट्रीचं मशीन आठवड्यात सहा वेळा मधेच रीस्टार्ट झालं होतं. दर वेळी पुन्हा प्राइमिंग करून, म्हणजे नळ्या नव्याने भरून घेताना, रीएजंट (तपासणीचं रसायन) वाया चाललं होतं. एका विक्रेत्याने "दहाचाच घ्या, परत बघायला नको" म्हणून कोटेशनही देऊन ठेवलं होतं. जुलैचा महिना. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस लागला की फांद्या तारांवर येतात आणि करंट दिवसातून आठ-दहा वेळा जातो. त्यामुळे दोष करंट जाण्याचाच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

जुना यूपीएस दोन केव्हीएचा, लाइन-इंटरॅक्टिव्ह. या जातीत मशीनला मिळते ती बाहेरचीच वीज. व्होल्टेज वर-खाली झालं तर आतले रिले, म्हणजे आपोआप चालणारे स्विच, ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलतात आणि करंट गेलाच तर साधारण ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर नेतात. चांगला पॉवर सप्लाय असलेलं मशीन एवढी खिंड सहज उडी मारून जातं. मग रीस्टार्ट का? जिन्याखालच्या ज्या कपाटात हा यूपीएस रीएजंटच्या खोक्यांमागे कोंबला होता, त्याचं दार उघडल्यावर पहिला धागा मिळाला. करंट व्यवस्थित असतानाही आत टक्, टक्-टक् असा रिलेचा आवाज चालू होता. मिनिटा-दोन मिनिटांनी यूपीएस बॅटरीवर जाऊन परत येत होता.

कपाटात थर्मामीटरने ३९ अंश दाखवले. आतल्या चार बॅटऱ्या मीटरवर १२.७ व्होल्ट दाखवत होत्या, म्हणजे दिसायला ठणठणीत. लोड टाकला तर त्यातली एक चाळीस सेकंदांत ९.८ वर आली. नुसतं व्होल्टेज बघून बॅटरी पास करणं म्हणजे बसलेल्या बैलाची ताकद जोखण्यासारखं. लोडखाली प्रत्येक बॅटरी वेगळी मोजल्याशिवाय काही कळत नाही. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना सीलबंद बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यात दिवसभर ही भरती-ओहोटी. बॅटऱ्या मेल्या होत्या हे खरं, पण त्यांना मारणारा बाहेर होता.

तो सापडला झाडलोट करणाऱ्या मावशींमुळे. कॉरिडॉरमध्ये जुन्या चोकवाल्या ट्यूब आहेत. मीटर लावायच्या तयारीत असताना मावशी म्हणाल्या, "साहेब, त्या कुकरचं बटण दाबलं की ही ट्यूब कशी लखलखते बघा की. आणि चोक गुणगुणतंय." कुकर म्हणजे ऑटोक्लेव्ह, २ किलोवॉटचा हीटर. हीटर लावल्यावर दिवा मंदावला तर वायर बारीक आहे असं समजावं. उजळला तर मात्र जागेवरच हातातलं काम सोडावं.

पॅनेलवर मोजमाप घेतलं: आर, वाय, बी या वीज आणणाऱ्या तीन फेज, परतीची तार न्यूट्रल आणि जमिनीला जोडलेली अर्थ. हीटर चालू असताना फेज ते फेज तिन्ही जोड्या ४०८ ते ४१२ व्होल्ट, अगदी सरळ. फेज ते न्यूट्रल मात्र आर फेज १९६, वाय २५५ आणि बी २६५. ऑटोक्लेव्ह आरवर, लॅब बीवर. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ४० व्होल्ट. हीटर बंद केल्यावर तिन्ही फेज २३२ ते २४१ मध्ये आले आणि न्यूट्रल-अर्थ ६ व्होल्टवर. ऑटोक्लेव्हचा प्रेशर स्विच हीटर सतत चालू-बंद करत असतो, म्हणूनच यूपीएसची ती मिनिटा-मिनिटाची टक्-टक्.

फेज-फेज ठीक आणि फेज-न्यूट्रल विस्कटलेलं, याचा अर्थ एकच. न्यूट्रलचा जोड कुठेतरी सैल आहे. न्यूट्रल धरून ठेवणारा नसला की तो जास्त लोडच्या फेजकडे ओढला जातो. त्या फेजचं व्होल्टेज पडतं, बाकीच्या दोघांचं चढतं. जोड पूर्ण तुटला असता तर लॅबच्या फेजवर तीनशेच्या पुढे व्होल्टेज गेलं असतं. दहा केव्हीएचा यूपीएस आधीच बसवला असता तर त्याने कदाचित तेवढी मशीनं वाचवली असती. पण फ्रिज, सेंट्रिफ्यूज, ओपीडीतले कॉम्प्युटर यूपीएसवर नसतात, ते गेले असते. शिवाय आजकालच्या बऱ्याच ट्रान्सफॉर्मर नसलेल्या यूपीएसमध्ये इनपुटचा न्यूट्रल सरळ आउटपुटला जातो, म्हणजे ते ४० व्होल्ट नव्या यूपीएसमधूनही मशीनपर्यंत पोचले असते. अॅनालायझर बसवणारे इंजिनिअर न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत मागतात, ते उगाच नाही.

लॅब बंद केली, लाईनमनला बोलावलं. खांबावर चढणं हे आमचं काम नाही, आणि पावसात तर नाहीच. त्यांनी ट्रान्सफॉर्मरकडून लाईन काढली, शिडीवर जाऊन सर्व्हिस वायरची टेप सोडवली आणि वरूनच ओरडले, "न्यूट्रल लूज आग्यादरी!" (कानडीत, न्यूट्रल सैल झालाय.) अॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार नुसती पिळून कुणीतरी वर टेप गुंडाळली होती. आत पांढरी भुकटी, तारेचे तीन पदर तुटलेले, इन्सुलेशन जळून काळं. दोन वेगळे धातू आणि ओलावा एकत्र आले की असंच होतं. कुजलेला भाग कापला, दोन्ही धातूंना चालणारा बायमेटॅलिक कनेक्टर दाबून बसवला. हीटर चालू ठेवून पुन्हा मोजलं तर न्यूट्रल-अर्थ १.८ व्होल्ट.

अर्थिंगचंही एक दुखणं होतंच. टेस्टरवर ९ ओहम, तेही भर पावसात. या भागात खाली जांभा, उन्हाळ्यात तो कोरडा पडला की आकडा आणखी चढणार. जमिनीत पुरलेला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजून गेला होता. तीन-तीन मीटरचे दोन नवे इलेक्ट्रोड, एकमेकांपासून तीन मीटरवर, जोडून घ्यायला सांगितले. एकाच खड्ड्यात मीठ-कोळसा वाढवत बसण्यापेक्षा दुसरा खड्डा परवडतो.

आता यूपीएस. मशीनमागच्या पाट्यांवरच्या आकड्यांची बेरीज केली तर २.६ केव्हीए होते. विक्रेत्याने त्यात फ्रिज, सेंट्रिफ्यूज, लेझर प्रिंटर आणि खोली थंड करणारा एसी धरून दहा गाठले होते. आम्ही मशीनं प्रत्यक्ष चालवून ट्रू आरएमएस मीटरने वॉट मोजले: बायोकेमिस्ट्री ५६०, रक्तपेशी मोजणारा सेल काउंटर १६०, इम्युनोअॅसेचं छोटं मशीन ९०, दोन कॉम्प्युटर मिळून २२०, राउटर १०. एकूण १०४० वॉट. सगळं एकदम चालू करताना क्षणभर १७००. यूपीएसच्या केव्हीएला पॉवर फॅक्टरने गुणलं की वॉट मिळतात, ०.९ वाला दोन केव्हीए म्हणजे १८०० वॉट, काठावर. तीन केव्हीए म्हणजे २७००. तीनचा ठरला, ऑनलाइन डबल कन्व्हर्जन. त्यात वीज आधी डीसी (एकदिश) होते, मग पुन्हा नवी एसी (प्रत्यावर्ती) तयार होते, त्यामुळे करंट गेल्यावर खिंडच नसते आणि बाहेरच्या हेलकाव्यांशी मशीनचा संबंध राहत नाही.

काय जोडायचं नाही, यावर डॉक्टरांशी जास्त वेळ गेला. "सेंट्रिफ्यूज का नको? सॅम्पल अर्धवट राहील की," असं त्यांचं म्हणणं. सेंट्रिफ्यूज थांबलं तर आपोआप सावकाश थांबतं आणि नळ्या पुन्हा फिरवता येतात, पण त्याची मोटर सुरू होताना ओढणारा करंट यूपीएसला ओव्हरलोडवर नेऊ शकतो. लेझर प्रिंटरचा हीटरही तसाच. रीएजंटच्या फ्रिजला हवं २ ते ८ अंश. त्याला यूपीएस नको, तीन मिनिटं थांबून चालू होणारा स्टॅबिलायझर आणि जनरेटर पुरे. दार उघडलं नाही तर फ्रिज तासभर तग धरतो, दार सतत उघडलं तर कुठलाच यूपीएस त्याला थंड ठेवणार नाही.

बॅटरीचा हिशेब असा. बायोकेमिस्ट्रीची एक बॅच चाळीस मिनिटं चालते, म्हणून किमान तासभर हवा. आठ बॅटऱ्या, ९६ व्होल्ट. १०४० वॉट भागिले यूपीएसची कार्यक्षमता ०.९, म्हणजे ११५५ वॉट. भागिले ९६, म्हणजे १२ अँपिअर. २६ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर दोन तासांवर चालते, पण तो २६ चा आकडा वीस तास हळूहळू काढण्याचा आहे. १२ अँपिअरने काढलं तर दीड तासाच्या आसपास, आणि बॅटरी जुनी होऊन ऐंशी टक्क्यांवर आली तरी तासाभरावर. आतल्या ७ एएचच्या बॅटऱ्यांवर पंधरा-वीस मिनिटं मिळाली असती.

इथे बहुतेक जण चार्जर विसरतात. आत बॅटरी असलेल्या मॉडेलचा चार्जर बहुधा एक अँपिअरचा असतो. त्याला बाहेरून २६ एएच जोडली तर रिकामी बॅटरी भरायला दिवस उलटतो, आणि पावसाळ्यात तेवढा सलग करंट मिळत नाही. बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि वर्षात बसते. एएचच्या दहा टक्के, म्हणजे इथे किमान २.६ अँपिअरचा चार्जर हवा. लाँग बॅकअप मॉडेल घेतलं, ४ अँपिअरचं. बॅटरीजवळ दोन पोलचा एमसीबीही डीसीचाच लावला. घरातला एसीचा एमसीबी डीसीचा आर्क भरवशाने तोडू शकत नाही, कारण डीसी शून्यावर येतच नाही.

जनरेटर सिंगल फेज, ७.५ केव्हीए. तीन केव्हीएचा यूपीएस आणि त्याचा चार्जर याला पुरतो, पण ऑटोक्लेव्ह लावला की फ्रिक्वेन्सी ५२.५ वरून ४८.९ वर यायची. ऑनलाइन यूपीएस एवढा चढउतार सोसतो. खरा घोळ वेगळाच निघाला. जनरेटरवर न्यूट्रल-अर्थ ११२ व्होल्ट! जनरेटरचा न्यूट्रल अर्थला कुठेच बांधलेला नव्हता, त्यामुळे दोन्ही तारा अर्थपासून निम्म्या-निम्म्या व्होल्टेजवर तरंगत होत्या. जनरेटरपाशी, एकाच ठिकाणी, तो बांधला. यूपीएसच्या आउटपुटला तीन केव्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन बाजूंच्या तारांचा थेट संबंध तोडणारा) दिला आणि त्याच्या सेकंडरीचा, म्हणजे मशीनकडच्या बाजूचा, न्यूट्रल तिथेच अर्थला जोडला. म्हणजे मागे मेन असो, जनरेटर असो की बॅटरी, मशीनला दिसणारं न्यूट्रल-अर्थ ०.४ व्होल्टच.

जागा कपाटातून हलवून लॅबच्या मागच्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच रॅकवर. यूपीएसच्या हवेच्या झरोक्यांना बारीक तारेची जाळी, कारण पाली उबेला आत शिरतात आणि सर्किटवर मरतात. मेनूत इको मोड चालूच निघाला, तो बंद केला. इको मोडमध्ये ऑनलाइन यूपीएसही बायपासवर, म्हणजे बाहेरची वीज तशीच पुढे पाठवत, बसून राहतो आणि करंट गेल्यावर जागा होतो, मग जास्तीचे पैसे कशाला मोजले?

चाचणी घेताना मशीनं वॉशवर ठेवली, रुग्णाचं सॅम्पल आत नव्हतं. मेन तोडला, खरा लोड तीस मिनिटं चालवला आणि दर दहा मिनिटांनी आठही बॅटऱ्यांची व्होल्टेज वहीत लिहिली. मग मेन, मग जनरेटर, मग ऑटोक्लेव्हसकट जनरेटर. सगळे आकडे टेक्निशियनच्या अक्षरात रॅकला दोऱ्याने टांगले. पूर्ण भरलेल्या अवस्थेत एकूण १०९ व्होल्टच्या जवळ, प्रत्येकी १३.६. महिन्यातून एकदा हेच मोजायचं आणि बीप वाजला की नुसतं म्यूट करून बसायचं नाही.

ऑक्टोबरमध्ये त्या कागदावर सहा नंबरच्या बॅटरीपुढे १३.१ लिहिलेलं होतं, बाकीच्या सात १३.७ वर. एक मागे पडली की चार्जर तेवढंच एकूण व्होल्टेज देत राहतो आणि उरलेल्या सातांना जास्त सोसावं लागतं. वॉरंटीत ती एकच बदलून घेतली, त्याच तारखेच्या लॉटमधली. टेक्निशियनने सहा नंबरपुढे नवीन तारीख घातली आणि कागद पुन्हा टांगला.