52 वजा 27 आणि माझी पाच मिनिटांची शीट

माझं काम ऐकून लोक हसतात. शाळा नेतृत्वावरच्या एका अभ्यासात आहे मी, म्हणजे मुख्याध्यापकांच्या मागे दिवसभर फिरायचं आणि दर पाच मिनिटांनी शीटवर एक टिक मारायची, की आत्ता हे नेमकं काय करताहेत. कार्यालयीन काम, पोषण आहार, पालक, इमारत, स्वतः शिकवणं, शिक्षकांना मार्गदर्शन, असे कोड ठरलेले असतात. एका वेळी एकच टिक. पद्धत काही आमची नाही, अमेरिकेत मायामी-डेडच्या शाळांमध्ये अशीच निरीक्षणं झाली आणि त्यावरचा ग्रिसम, लोब आणि मास्टर यांचा अभ्यास 2013 मध्ये छापून आला. त्यात दिसलं की मुख्याध्यापकांचा जेमतेम 12-13 टक्के वेळ शिकण्या-शिकवण्याशी संबंधित कामात जातो, आणि त्यातही सगळ्यात जास्त काय तर वर्गांत डोकावून पुढे जाणं. गंमत म्हणजे या डोकावण्याचा मुलांच्या शिकण्याला काही उपयोग दिसला नाही, उलट जिथे ते जास्त तिथे मुलांची प्रगती कमीच. फायदा दिसला तो शिक्षकाबरोबर बसून त्याच्या शिकवण्यावर काम करण्याचा.

हे सगळं डोक्यात ठेवून मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेले. पहिली ते सातवी, पट दीडशेच्या वर म्हणून मुख्याध्यापकाचं पद तरी आहे, नाहीतर छोट्या शाळांत सिनियर गुरुजींच्याच गळ्यात चार्ज आणि वर्ग दोन्ही. मोठ्या मॅडम पन्नाशीच्या पुढच्या, कपाळाला चष्मा लावलेला आणि तोच शोधत फिरणाऱ्या.

परिपाठ झाला आणि सुरू झालं. ग्रुपवर मेसेज, आधार जुळत नसलेल्या मुलांची माहिती आजच्या आज, लिंक भरून स्क्रीनशॉट टाका. मग एक पालक दाखल्यासाठी, मग पाण्याच्या टाकीचा कॉक गळतोय, मग पुन्हा ग्रुप, आता ज्यांची माहिती आली नाही त्या शाळांची यादीच टाकलेली, आमच्या मॅडमची शाळा वरून दुसरी. मॅडम ऑफिसात लिंक उघडायच्या, रेंज जायची, त्या फोन घेऊन कडुनिंबाखाली जायच्या, तिथे रेंज यायची तर लिंक बंद. माझ्या शीटवर टिकांची रांगच्या रांग कार्यालयीन रकान्यात. मनात म्हटलं झालं, हाही दिवस तसाच.

मग दुपारच्या जेवणासाठी तांदूळ मोजायचा होता. पाचवीपर्यंत मुलामागे 100 ग्रॅम, सहावी-सातवीला 150, आणि मॅडम ते स्वतः उभं राहून बघतात, भांडण नको म्हणून. मावशी मापं घालत होत्या, मॅडम पोत्यावर बसून वहीत आकडे लिहीत होत्या. तेवढ्यात तिसरीचे सर आले, नवीन लागलेले, हातात वह्यांचा गठ्ठा आणि तोंड पडलेलं.

"मॅडम, इतक्यांदा घेतली हातच्याची वजाबाकी, तरी निम्म्या वर्गाचं 52 वजा 27 बरोबर 35. सगळ्यांचं सेम. एकमेकांचं बघून लिहितात बहुतेक."

मला वाटलं आता मॅडम म्हणतील पुन्हा घ्या, सराव द्या. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत नुसतंच 35. दुसरीत 2 च्या डोक्यावर छोटासा 1 काढलेला, आणि उत्तर 35.

"सर, हे बघून नाही लिहिलेलं. ही पोरगी सातातून दोन घालवतेय, मोठ्यातून लहान, वर-खाली काही बघतच नाही. आणि ह्याने हातचा घेतलाय बरोबर, बारातून सात गेले पाच राहिले, पण दशकातला 5 खोडून 4 करायचा राहिलाय. दोघं वेगळे चुकलेत, उत्तर एकच आलंय."

सर वहीकडे बघतच राहिले, आणि खरं सांगते मीसुद्धा. मॅडमनी तांदळाच्या वहीच्या मागच्या पानावर 61 वजा 24 लिहिलं. म्हणाल्या हे घाला वर्गाला. पहिल्यासारखे चुकणारे 43 आणतील, दुसरे 47, आणि ज्यांना जमलंय ते 37. "मग कळेल कोणाला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायचे आणि कोणाला नुसती खोडायची आठवण द्यायची. सगळ्यांना परत पहिल्यापासून नका शिकवू, ज्यांना येतंय ती पोरं कंटाळतील."

मधेच मावशींना, "अगं ते माप काठोकाठ नको, सपाट कर." वहीत आकडा. परत सरांकडे वळून, "तुमच्या वर्गात येऊ का मी तिसऱ्या तासाला? मी मागे बसते, तुम्हीच घ्या."

आणि माझी पाच मिनिटं भरली. नियमाप्रमाणे कोड काय? पोषण आहार. तांदूळ मोजला जातोय, मॅडम तिथे त्यासाठीच बसल्यात, नोंद करताहेत. पुढची पाच मिनिटंही तेच. आमच्या डेटात ही दहा मिनिटं खिचडीच्या खात्यात जाणार होती. मी टिक मारली आणि समासात खुणेचा बाण काढून बारीक अक्षरात सगळं लिहून घेतलं.

तिसऱ्या तासाला मॅडम खरंच गेल्या. मागच्या पट्टीवर मुलांत बसल्या, फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा बंद केला. सरांनी 61 वजा 24 घातलं आणि वह्या बघत फिरले. 43 आले, 47 पण आले, तुरळक काहीतरी भलतंच पण होतं, त्यांना सर म्हणाले तुम्ही थांबा माझ्याकडे या. काड्या कमी पडल्या तर मॅडम उठून पहिलीच्या वर्गातून घेऊन आल्या. त्या तासात त्यांनी एवढंच केलं.

मध्य प्रदेशात 1,774 शाळांवर मोठा प्रयोग झाला होता, शाळांचं सविस्तर मूल्यमापन आणि प्रत्येकीचा सुधारणा आराखडा. मुरलीधरन आणि सिंग या अर्थतज्ज्ञांनी तपासलं तर मुलांच्या शिकण्यात काही फरक पडला नव्हता, शिक्षकांच्या शिकवण्यातही नाही. आराखडे मात्र झाले होते, कागदावर व्यवस्थित. मॅडमच्या कपाटात पण शाळा विकास आराखड्याची फाईल आहे, छान कव्हर घातलेली, आणि त्यात हातच्याच्या वजाबाकीबद्दल एक शब्द नाही. असणार तरी कसा.

लिंक मॅडमनी संध्याकाळी एसटी स्टॅंडवर उभं राहून भरली, तिथे रेंज चांगली येते.

आमच्या मीटिंगमध्ये मी ते समासातलं वाचून दाखवलं आणि म्हटलं एका पाच मिनिटाला दोन कोड लावू द्या. बराच वाद झाला. एक सिनियर सर म्हणाले असं केलं तर वेळेची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाईल, तक्ता कसा करणार, आणि आधी झालेल्या शाळांशी तुलना कशी जमणार. मुद्दा चुकीचा नाहीये त्यांचा. शेवटी तोडगा असा निघाला की टिक एकच राहील पण शेजारी एक मोकळा रकाना, "बोलणं कशाबद्दल चाललंय" असा. आधीच्या शाळांच्या शीट उघडून आता मी समास वाचतेय, कुठे काय खरडून ठेवलंय का बघायला, आणि पोषण आहाराच्या टिकांशेजारी बऱ्याच ठिकाणी काहीतरी सापडतंय.