साहेबांना आधी सांगा

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणारी माझी भावंडं फोनवर हमखास विचारतात, "ताई, जर्मनीतले साहेब कसे असतात गं?" चांगले-वाईट दोन्ही असतात. मला खरा फरक जाणवला तो एकाच गोष्टीत. वाईट बातमी त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचते.

नाशिकला मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होते. "होऊन जाईल, साहेब" हे तिथलं ठरलेलं उत्तर. शुक्रवारी माल निघणार नाही हे सुपरवायझरला सोमवारीच ठाऊक असायचं. साहेबांना मात्र गुरुवारी संध्याकाळी कळायचं, तेही ग्राहकाचा फोन आल्यावर.

इथे स्टुटगार्टला माझी मॅनेजर दर आठवड्याला अर्धा तास माझ्यासाठी राखून ठेवते आणि बसताच विचारते, काय अडलंय? मी अडचण सांगते, तिच्यामुळे काय रखडेल ते सांगते आणि मला सुचलेले एक-दोन मार्गही. पटलं नाही तर निर्णय होण्याआधी बोलते, आकडे समोर ठेवून. मग काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढं मेलवर लिहून टाकते.

पण हे धाडस नुसतं स्वभावातून येत नाही. इथे प्रोबेशन जास्तीत जास्त ६ महिन्यांचं. त्यानंतर १० पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीला कामावरून काढायचं तर कायद्यात बसणारं कारण लागतं. इथल्या १९७२ च्या कायद्यानुसार कामगार आपल्या कामाच्या मूल्यमापनावर चर्चा मागू शकतो आणि तिथे कामगारांनी निवडलेल्या मंडळाचा सदस्य सोबत नेऊ शकतो. अंबडला कंत्राटावर असलेल्या पोराकडे यातलं काय आहे? त्याला "बिनधास्त बोल" म्हणणं मला पटत नाही.

म्हणून चुलतभावाला मी वेगळं सांगितलं. सगळ्यांसमोर, मीटिंगमध्ये नको. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी केबिनमध्ये जा, कालचा रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या मालाचा, आकडा घेऊन. तो गेला. म्हणाला, "साहेब, इन्सर्ट दुपारपर्यंत मिळाले तर शुक्रवारचा माल निघतो." (इन्सर्ट म्हणजे मशीनवरची धातू कापणारी, बदलता येणारी पाती.) साहेब आधी चिडले, मग त्यांनी स्टोअरला फोन लावला.

ते चिडणं मला खटकलंच. माझी मॅनेजर अशा वेळी आधी म्हणते, "बरं झालं, आजच सांगितलंस." नाशिकच्या साहेब मंडळींकडून माझं एवढंच मागणं आहे.